कोष्ठ अर्थात उपलेट : सूर्यफूल कुलातील एका अतिसंकटग्रस्त वनस्पतीविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोष्ठ म्हणजे नेमकी कोणती वनस्पती?

काष्ठौषधींच्या दुकानात 'कोष्ठ' किंवा 'उपलेट' म्हणून मिळणारी करडी-तपकिरी, उग्र सुवासाची मुळी ज्या झाडाची असते, ते झाड महाराष्ट्रात उगवत नाही आणि ती मुळी उगाळणाऱ्या बहुतेकांनी ते पाहिलेलेही नसते. संस्कृतात त्याला 'कुष्ठ' म्हणतात, काश्मीर व हिमाचलात 'कुठ', तर वनस्पतिशास्त्रात त्याचे सर्वाधिक रूढ नाव 'सॉसुरिआ कॉस्टस' असे आहे. ही बहुवर्षायू ओषधी आहे. जमिनीवरचा भाग हिवाळ्यात सुकून जातो, जमिनीतले जाड मूळ मात्र बर्फाखाली जिवंत राहते आणि उन्हाळ्यात त्यातून नवे अंकुर फुटतात. पूर्ण वाढलेले झाड साधारण एक ते दोन मीटर उंच होते. बुडाशी येणारी पाने चांगलीच मोठी व त्रिकोणी असून त्यांच्या देठाला दोन्ही बाजूंनी पंखासारखी कड असते.

संस्कृतात 'कुष्ठ' हा शब्द त्वचारोगासाठीही वापरला जातो, त्यामुळे प्रथमच आयुर्वेदाचा ग्रंथ उघडणाऱ्याची गफलत होते. रोग की औषध हे संदर्भावरून ठरवावे लागते. मराठीने वनस्पतीसाठी 'कोष्ठ' हे वेगळे रूप वापरून हा घोटाळा बराच टाळला आहे.

सूर्यफुलाच्या कुलातील फूल म्हटले की पाकळ्यांचे वलय डोळ्यांसमोर येते. कोष्ठाच्या फुलाला तसे वलय का नसते?

या कुलात, म्हणजे ॲस्टरेसी कुलात, आपण ज्याला एक फूल समजतो तो खरे तर अनेक लहान पुष्पकांचा गुच्छ असतो आणि त्याला स्तबक म्हणतात. सूर्यफुलात कडेची पुष्पके जिभेसारखी लांब व मधली नळीसारखी असतात. कोष्ठाच्या स्तबकात सगळीच पुष्पके नळीसारखी, गडद निळसर-जांभळी असतात आणि त्यांच्याभोवती ताठ, टोकदार छदांचे, म्हणजे फुलाखालच्या लहान पानांचे, आवरण असते. त्यामुळे ते फूल काटेरी गोंड्यासारखे दिसते.

हे रूप आपल्याला अगदीच अनोळखी नाही. दख्खनच्या माळावरचा उटकटारा आणि रब्बीच्या शेतातली करडई ही दोन्ही झाडे कोष्ठाच्याच गणातली आहेत. ज्याने करडईचे बोंड जवळून पाहिले आहे, त्याला कोष्ठाच्या फुलाची ठेवण समजावून सांगावी लागत नाही. फुले जुलै-ऑगस्टमध्ये येतात आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये फळे पक्व होतात. फळ एकबीजी व कोरडे असते आणि त्याच्या टोकाला पिसासारख्या केसांचा झुबका असतो.

वेगवेगळ्या पुस्तकांत या वनस्पतीची वेगवेगळी शास्त्रीय नावे आढळतात. त्यांपैकी खरे कोणते?

या प्रश्नाचे उत्तर लांबते, कारण नावांच्या या गुंत्यात जवळजवळ दोन शतकांचा इतिहास अडकला आहे.

प्राचीन ग्रीक व रोमन लेखकांनी उल्लेखिलेली 'कॉस्टस' नावाची सुगंधी मुळी कोणत्या झाडाची, हे युरोपीय वनस्पतिशास्त्रज्ञांना एकोणिसाव्या शतकापर्यंत निश्चित ठाऊक नव्हते. सहारनपूरच्या वनस्पतिउद्यानाचे अधीक्षक ह्यू फाल्कनर यांनी काश्मीरमध्ये ही वनस्पती प्रत्यक्ष उगवताना पाहिली, प्राचीन कॉस्टस ती हीच असे ठरवले आणि १८४१ च्या सुमारास तिला 'ऑकलँडिया कॉस्टस' असे नाव दिले. शास्त्रीय नावातील पहिला शब्द प्रजातीचे, म्हणजे जवळच्या जातींच्या गटाचे, नाव असते आणि दुसरा शब्द जातिनाम असते. प्रजातीचे नाव त्यांनी तत्कालीन गव्हर्नर जनरल लॉर्ड ऑकलंड यांच्यावरून बेतले होते. जवळपास त्याच काळात फ्रान्समध्ये देकेन यांनी तिचे वर्णन 'ॲप्लोटॅक्सिस लॅपा' या नावाने केले. त्यांचे हे वर्णन फ्रेंच प्रवासी व्हिक्तोर झाकमाँ यांच्या भारतप्रवासावरील ग्रंथात प्रसिद्ध झाले. काश्मीर पाहून परतलेल्या झाकमाँ यांचा मृत्यू १८३२ मध्ये मुंबईत झाला, त्यामुळे ग्रंथाचे हे काम त्यांच्या पश्चात इतरांनी तडीस नेले.

पुढे सी. बी. क्लार्क यांनी १८७६ मध्ये ही जाती सॉसुरिआ या मोठ्या प्रजातीत समाविष्ट केली, परंतु देकेन यांचे जातिनाम कायम ठेवून 'सॉसुरिआ लॅपा' असे नाव केले. आयुर्वेदाच्या बहुतेक जुन्या पुस्तकांत आजही हेच नाव छापलेले दिसते. वनस्पतिनामांच्या नियमांत आधी प्रसिद्ध झालेल्या नावाला मान असतो आणि फाल्कनर यांचे जातिनाम आधीचे आहे. त्या आधारे रशियन वनस्पतिशास्त्रज्ञ लिप्शिट्स यांनी १९६४ मध्ये 'सॉसुरिआ कॉस्टस' हे नाव सिद्ध केले.

तरीही विषय संपला नाही. सॉसुरिआ ही कित्येक शे जातींची अवाढव्य प्रजाती आहे आणि जनुकांच्या अभ्यासातून तिच्यातील काही जाती इतर प्रजातींच्या अधिक जवळच्या असल्याचे दिसू लागले. २०२० मध्ये भारतीय वनस्पतिशास्त्रज्ञांनी कोष्ठाला डोलोमिया या प्रजातीत हलवले आणि 'डोलोमिया कॉस्टस' हे नाव पुढे आले. जागतिक वनस्पतिसूचीत आता हे नाव स्वीकारलेले दिसते. चीनमधील ग्रंथांत मात्र ऑकलँडिया ही स्वतंत्र प्रजाती मानण्याची प्रथा आहे.

खरे नाव कोणते, असे विचारण्यापेक्षा आपण कोणत्या कामासाठी नाव लिहीत आहोत हे पाहावे, असे माझे मत आहे. परवान्याच्या अर्जात किंवा निर्यातीच्या कागदपत्रांत 'सॉसुरिआ कॉस्टस' हेच लिहावे, कारण आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या सूचीत ते नाव आहे. वर्गीकरणावरील लेखात डोलोमियाचा उल्लेख हवा. जुना संदर्भ शोधताना 'लॅपा' हे नाव वगळले, तर उपलब्ध माहितीचा मोठा भाग हाती लागणारच नाही.

कोकणात पावसाळ्यात फुलणाऱ्या 'पेव' या झाडालाही कॉस्टस म्हणतात. ते हेच का?

नाही, आणि या दोहोंत दूरचेही नाते नाही. पेव हे आल्या-हळदीच्या जवळच्या कुलातले, एकदल वर्गातले झाड आहे. लिनियस यांनी १७५३ मध्ये 'कॉस्टस' हे प्राचीन नाव त्या गटातील झाडांना देऊन टाकले, तेव्हा मूळ कॉस्टसची ओळख पटलेली नव्हती. नियमाप्रमाणे ते प्रजातिनाम तिकडेच राहिले आणि खऱ्या कॉस्टसच्या वाट्याला केवळ जातिनाम आले. पेवाचा कंद कोष्ठ म्हणून खपवला जात असल्यास ती सरळ फसवणूक समजावी.

नावांच्या साम्यातून उद्भवणारा याहून गंभीर धोका चिनी वैद्यकात दिसतो. तेथे कोष्ठाला 'मू-श्यांग' म्हणतात आणि 'छिंग मू-श्यांग' या नावाने ॲरिस्टोलोकिया प्रजातीतील एक मुळी ओळखली जाते. त्या प्रजातीतील ॲरिस्टोलोकिक आम्ल मूत्रपिंडांना घातक असून कर्करोगकारक आहे.

ब्रह्मकमळ कोष्ठाचे नातलग आहे का?

हिमालयातले ब्रह्मकमळ, म्हणजे उत्तराखंडाचे राज्यपुष्प, सॉसुरिआ प्रजातीतील आहे आणि त्या अर्थाने कोष्ठाचे जवळचे नातलग आहे. मात्र महाराष्ट्रात घरोघरी कुंड्यांत लावलेले, मध्यरात्री उमलणारे आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांना बोलावून दाखवले जाणारे 'ब्रह्मकमळ' हे मूळचे अमेरिका खंडातील एक निवडुंग आहे. त्याचा कोष्ठाशी काहीही संबंध नाही.

कोष्ठ नैसर्गिकरीत्या कोठे उगवते?

त्याचा नैसर्गिक प्रदेश अगदी लहान आहे. पश्चिम हिमालयात, मुख्यतः काश्मीरच्या भोवतालच्या डोंगररांगांत, किशनगंगेच्या खोऱ्यात, गुरेझच्या बाजूला आणि किश्तवाडकडील चिनाबच्या वरच्या खोऱ्यात, साधारण २,५०० ते ४,००० मीटर उंचीवरील ओलसर उतारांवर ते वाढते. नियंत्रण रेषेच्या पलीकडे, पाकिस्तानच्या ताब्यातील भागातही ते आढळते. भूर्जवृक्षांची वने जेथे विरळ होत जातात आणि वरची कुरणे सुरू होतात, तो पट्टा त्याला मानवतो. हिमाचल प्रदेशातील लाहौल आणि उत्तराखंडातील उंचावरील गावे येथे जे कोष्ठ दिसते ते लागवडीचे आहे. चीनच्या युन्नान प्रांतातही त्याची मोठी लागवड आहे.

काही पुस्तकांत वितरणाची नोंद 'काश्मीर ते उत्तराखंड' अशी सरसकट केलेली असते. वन्य व लागवडीचे क्षेत्र एकत्र मोजणारी अशी नोंद संवर्धनाच्या दृष्टीने दिशाभूल करणारी आहे, कारण ती वाचून वनस्पतीचा प्रदेश आहे त्यापेक्षा कितीतरी विस्तृत वाटतो.

लाहौलमध्ये शेतेच्या शेते कोष्ठाची असतील, तर वनस्पती दुर्मीळ कशी म्हणता येईल?

हा आक्षेप सर्वाधिक वेळा घेतला जातो आणि तो वरकरणी बिनतोड वाटतो. आंतरराष्ट्रीय निसर्गसंरक्षण संघाच्या लाल यादीसाठी २०१५ च्या मूल्यमापनात कोष्ठाला 'अतिसंकटग्रस्त' हा दर्जा देण्यात आला. वन्य अस्तित्वातून नामशेष होण्याच्या अलीकडची ही शेवटची पायरी आहे. संख्येतील घटीच्या निकषावर या गटात गणना व्हायची, तर दहा वर्षांत किंवा त्या जातीच्या तीन पिढ्यांत, यांपैकी जो काळ मोठा असेल त्यात, किमान ८० टक्के घट झालेली असावी लागते. या मूल्यमापनात शेतातील झाडे मोजली जात नाहीत.

ती न मोजण्यामागे कारण आहे. शेतातले कोष्ठ पेरले जाते, खणले जाते आणि पुन्हा पेरले जाते. बियाणे बहुधा मूळच्या थोड्याच झाडांपासून आलेले असते आणि शेतकरी साहजिकच जाड मुळ्यांच्या झाडांचे बी राखतो. रानातील झाडांमध्ये थंडी, रोग, किडी आणि बदलते ऋतू यांना तोंड देण्याची जी विविधता पिढ्यान्‌पिढ्या साठलेली असते, ती शेतात टिकेलच असे नाही. शिवाय शेत बाजारभावावर उभे असते. लाहौलमध्ये एके काळी कुठ हे मुख्य नगदी पीक होते. पुढे बटाटा व वाटाणा अधिक किफायतशीर ठरले आणि कुठाखालील जमीन आकसली. भाव पडला की शेतातून उपटले जाणारे झाड हा जातीचा भरवशाचा आसरा मानता येत नाही.

ही वेळ कशामुळे आली?

मुख्य कारण एकच आहे, ते म्हणजे औषधाचा भाग मूळ असणे. पाने, फुले किंवा फळे खुडली तर झाड पुढच्या वर्षी पुन्हा फुटते, परंतु मूळ खणले की झाडच संपते. त्यात रानातील मुळी बी पक्व होण्यापूर्वी खणली, तर पुढची पिढीही त्याच कुदळीखाली जाते. झाडाला खणण्याजोगे मूळ पोसायला काही वर्षे लागतात, उंचावर वाढीचा हंगाम मोजक्याच महिन्यांचा असतो, आणि वस्तीचे क्षेत्र मुळातच लहान. गुरे-मेंढ्यांची चराई व अधिवासाचे तुकडे पडणे ही कारणेही आहेत. पण ती दुय्यम असून, व्यापारासाठीची खणाई नसती तर केवळ त्यांच्यामुळे ही वेळ आली नसती असे मला वाटते.

ही मागणी अलीकडची आहे का?

मुळीच नाही. अथर्ववेदात कुष्ठ या वनस्पतीला उद्देशून सूक्ते आहेत. 'तक्मन्' नावाच्या ज्वराचा नाश करणारी म्हणून तिची स्तुती आहे, आणि पाचव्या कांडातील एका मंत्रात ती उत्तरेला हिमवंतावर जन्मते व पूर्वेकडील लोकांकडे नेली जाते असे म्हटले आहे. म्हणजे उगमस्थान आणि व्यापाराची दिशा या दोन्ही गोष्टी त्यात नोंदल्या आहेत! इसवी सनाच्या पहिल्या शतकातील 'पेरिप्लस' या ग्रीक प्रवासवर्णनात सिंधूच्या मुखावरील बार्बारिकम आणि नर्मदेच्या मुखावरील भडोच या बंदरांतून निर्यात होणाऱ्या मालात कॉस्टस आहे.

एकोणिसाव्या शतकात काश्मीरची मुळी पंजाबमार्गे कोलकाता व मुंबई या बंदरांत येई आणि तेथून मुख्यतः चीनकडे रवाना होई. चीनमध्ये ती औषधात आणि देवळांतील धूपकांड्यांत वापरली जाई. काश्मीरमध्ये शालींना कसर लागू नये म्हणून त्यांच्या घड्यांत ही मुळी ठेवण्याची रीत होती. मुळीपासून काढलेल्या तेलाला पाश्चात्त्य अत्तरनिर्मितीत मोठी किंमत असे, पण त्यातील कॉस्टुनोलाइड व डीहायड्रोकॉस्टस लॅक्टोन या घटकांमुळे त्वचेला तीव्र ॲलर्जी होऊ शकते हे स्पष्ट झाल्यावर सुगंधी द्रव्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने त्याचा वापर निषिद्ध ठरवला. माणसाच्या त्वचेसाठी घेतलेल्या या निर्णयाने वनस्पतीवरचा थोडा भार आपसूकच हलका झाला.

कोष्ठाच्या संरक्षणासाठी पहिला कायदा कधी झाला?

जम्मू-काश्मीर संस्थानाने संवत १९७८ मध्ये, म्हणजे इसवी सन १९२१ च्या सुमारास, खास कुठासाठी कायदा केला. एकाच वनस्पतीच्या नावाने केलेला कायदा ही तशी विरळा गोष्ट आहे. तथापि त्यामागे निसर्गप्रेम होते असे समजू नये. कुठाचा व्यापार हा संस्थानाचा मक्ता होता, त्यातून खजिन्यात मोठी भर पडे आणि चोरटी खणाई व वाहतूक रोखणे हा कायद्याचा उद्देश होता.

आज भारतात कोणता कायदा लागू आहे?

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ यात १९९१ च्या दुरुस्तीने वनस्पतींसाठी स्वतंत्र प्रकरण जोडले गेले आणि सहाव्या अनुसूचीत मोजक्या सहा नोंदी करण्यात आल्या. त्यांत घटपर्णी, निळा व तांबडा वांडा या ऑर्किड वनस्पती यांच्याबरोबर कुठाचा समावेश होता. २०२२ च्या दुरुस्तीने अनुसूचींची फेरमांडणी झाली असून विनिर्दिष्ट, म्हणजे कायद्यात नावानिशी नोंदलेल्या, वनस्पती आता तिसऱ्या अनुसूचीत आहेत.

या प्रकरणानुसार विनिर्दिष्ट वनस्पती वनक्षेत्रातून तोडणे, उपटणे, गोळा करणे, तसेच ती जिवंत वा मृत अवस्थेत, किंवा तिचा एखादा भाग, जवळ बाळगणे व विकणे यांस मनाई आहे. शिक्षण, संशोधन, वनस्पतिसंग्रहालय व अभिवृद्धी यांसाठी परवानगी मिळू शकते. अनुसूचित जमातीच्या व्यक्तीला आपण राहतो त्या जिल्ह्यात स्वतःच्या खऱ्याखुऱ्या वापरासाठी ती गोळा करण्याची मुभा आहे. लागवड आणि व्यापार या दोहोंसाठी परवाना लागतो.

म्हणजे दुकानातून कोष्ठ विकत घेणे हा गुन्हा ठरतो का?

परवानाधारक विक्रेत्याकडून घेतल्यास नाही. परंतु कायदा विक्रेत्यावरच थांबत नाही, हे ग्राहकाने लक्षात ठेवावे. विनिर्दिष्ट वनस्पती किंवा तिचा भाग परवानाधारकाखेरीज इतरांकडून विकत घेण्यास अधिनियमातच मनाई आहे. सुकलेल्या मुळीकडे पाहून ती रानातली की शेतातली हे सांगता येत नाही, म्हणून मालासोबतच्या कागदपत्रांना महत्त्व आहे. वैद्यांनी आणि औषधनिर्मात्यांनी पुरवठादाराकडे लागवडीचा दाखला मागण्याची सवय लावून घेतली, तर त्याचा परिणाम एकेकट्या ग्राहकाच्या चौकशीपेक्षा कितीतरी अधिक होईल.

कोष्ठ परदेशी पाठवता येते का?

संकटग्रस्त जातींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरील करारात, ज्याला 'साइट्स' म्हणतात, कोष्ठ १९७५ मध्ये दुसऱ्या परिशिष्टात होते आणि १९८५ मध्ये ते पहिल्या परिशिष्टात हलवले गेले. पहिल्या परिशिष्टातील वन्य मालाचा व्यावसायिक आंतरराष्ट्रीय व्यापार बंद असतो. लागवडीच्या मालाला त्यातून वाट आहे, मात्र तो लागवडीचाच असल्याचे अधिकृत प्रमाणपत्र आवश्यक असते. परदेशी राहणाऱ्या नातेवाइकांसाठी सामानात कोष्ठाची पुडी टाकणाऱ्यांनाही हे नियम लागू पडतात, आणि सीमाशुल्क अधिकाऱ्यापुढे 'घरगुती औषध आहे' हा खुलासा पुरेसा ठरत नाही.

कोष्ठाऐवजी पुष्करमूळ वापरले तर वन्य कोष्ठावरचा ताण कमी होईल का?

पुष्करमूळ, म्हणजे इन्यूला रॅसिमोसा, हेही सूर्यफूल कुलातलेच आणि पश्चिम हिमालयातलेच झाड आहे. त्याच्या मुळ्या कोष्ठासारख्या दिसतात व व्यापारात दोहोंची सरमिसळ होते. आयुर्वेदाने ही दोन द्रव्ये वेगळी मानली आहेत, तेव्हा एकाच्या जागी दुसरे कधी चालेल हे वैद्यानेच ठरवायला हवे. संवर्धनाच्या बाजूने पाहता, त्याच डोंगरातल्या आणि मुळासाठीच खणल्या जाणाऱ्या दुसऱ्या झाडावर भार ढकलल्याने फारसे काही साधत नाही.

संवर्धनासाठी प्रत्यक्षात काय करावे लागेल?

बियांपासून रोपे तयार करणे कठीण नाही आणि ऊतिसंवर्धनाच्या पद्धतीही प्रयोगशाळांत विकसित झाल्या आहेत. तेव्हा कोष्ठाची रोपे मिळणे ही अडचण नाही. अडचण आहे ती रानात उरलेल्या, एकमेकांपासून तुटलेल्या समूहांची. असे समूह शोधून त्यांची वर्षानुवर्षे मोजणी करावी लागेल, तेथे खणाई होणार नाही हे पाहावे लागेल आणि त्या त्या खोऱ्यातले बी गोळा करून बीजपेढीत राखावे लागेल. पुनर्रोपण करताना शेतातील रोपे सरसकट रानात लावणे हा सोपा पण चुकीचा मार्ग आहे. त्याच खोऱ्यातील बियांची रोपे लावली, तरच स्थानिक समूहांचा वेगळेपणा टिकेल.

दुसरी बाजू शेतीची आहे. परवान्याची प्रक्रिया जितकी किचकट, तितका प्रामाणिक शेतकरी या पिकापासून दूर जातो आणि बाजाराची भूक रानाकडे वळते. वन्य मालावर कडक बंदी आणि लागवडीच्या मालाला सुलभ, पण तपासता येईल असा दाखला, या दोन गोष्टी एकत्रच चालाव्या लागतील.

महाबळेश्वरसारख्या थंड ठिकाणी किंवा घरच्या बागेत कोष्ठ लावता येईल का?

महाबळेश्वर सुमारे १,३७२ मीटर उंचीवर आहे, म्हणजे कोष्ठाच्या नैसर्गिक पट्ट्याच्या खालच्या कडेपासूनही हजारभर मीटर खाली. तेथे हिवाळ्यात बर्फाची विश्रांती मिळत नाही आणि पावसाळ्यातील अतिवृष्टीत मांसल मूळ कुजण्याचीच शक्यता अधिक. याशिवाय लागवडीला परवाना लागतो तो वेगळाच. सूर्यफूल कुलातील वन्य वनस्पती जवळून पाहण्याची इच्छा असेल, तर पावसाळा सरताना सह्याद्रीच्या पठारांवर फुलणारी सोनकी पाहावी आणि ती जागेवरच राहू द्यावी.